खलबतखाना, बैतुलखला आणि प्रिव्ही कौन्सिल

वक्फवरचे कुठलेही जुने पुस्तक उघडा, दर दहा पानांनी 'प्रिव्ही कौन्सिल' हे नाव भेटते. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातला मोठा दावा शेवटी लंडनला जाऊन तिथेच संपायचा. 'प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढेन, पण हक्क सोडणार नाही' असे बजावणारी माणसे मागच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिली असतील. कौन्सिल म्हणजे मंडळ, हे सगळ्यांना कळते. पण प्रिव्ही म्हणजे काय? मराठीत कुणी 'गुप्त मंडळ' लिहितो, कुणी 'खासगी मंडळ', तर बहुतेक जण भाषांतराच्या भानगडीत न पडता आहे तसेच ठेवतात. गंमत अशी की मुंबई महापालिकेचा १८८८ चा मूळ इंग्रजी कायदा वाचायला घेतला, तर हाच शब्द त्यात संडासासाठी आलेला दिसतो. म्हणजे ज्या शब्दाने साम्राज्याचे सर्वोच्च न्यायपीठ ओळखले जाई, त्याच शब्दाने मुंबईच्या चाळीमागचा संडासही ओळखला जाई.

हा योगायोग नाही. या एका शब्दाच्या पोटात सातशे-आठशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचे एक टोक थेट आपल्या वक्फपर्यंत येते. म्हणून हा लेख.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'प्रिवस' म्हणजे सुटा, एकटा, ज्याचा त्याचा. त्यावरून क्रियापद झाले 'प्रिवारे', म्हणजे वेगळे करणे, हिरावून घेणे. आणि त्यापासून 'प्रिवातुस'. रोममध्ये ज्याच्याकडे कुठलेही सरकारी पद नाही, जो लोकांच्या कारभारातून बाजूला आहे, असा माणूस म्हणजे प्रिवातुस. आज आपण 'प्रायव्हेट' शब्द रुबाबात वापरतो. प्रायव्हेट शाळा, प्रायव्हेट हॉस्पिटल, प्रायव्हेट गाडी. मुळात मात्र त्या शब्दात रुबाब नव्हता, उणीव होती. ज्याला पद नाही तो प्रायव्हेट. इंग्रजी फौजेतल्या सगळ्यात खालच्या शिपायाला आजही 'प्रायव्हेट' म्हणतात ते त्यामुळेच. वंचित करणे या अर्थाचा इंग्रजी 'डिप्राइव्ह' शब्दही याच घराण्यातला. ग्रीकांनी तर हद्द केली. सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्या, आपल्यापुरते पाहणाऱ्या माणसाला ते 'इडिओतेस' म्हणत. इंग्रजीतला 'इडियट' तिथूनच आला.

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे 'प्रिव्हिलेज'. 'प्रिवस' म्हणजे एकट्याचा आणि 'लेक्स' म्हणजे कायदा. एका माणसापुरता केलेला कायदा. रोममध्ये तो माणसाच्या बाजूनेही असू शकत होता आणि त्याच्या विरोधातही. विरोधातला अर्थ काळाच्या ओघात गळून गेला आणि फक्त सवलतीचा उरला. वंचित आणि विशेषाधिकारी हे दोघे एकाच मुळाचे, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. आपल्याकडे फारसीने जे केले, तेच तिथे फ्रेंचने केले. शेतकऱ्याचे शब्द देशी राहिले, कचेरीचे शब्द परके आले. लॅटिन 'प्रिवातुस' फ्रेंच तोंडात झिजून 'प्रिव्हे' झाला होता. तो तेराव्या शतकात इंग्रजीत 'प्रिव्ही' म्हणून रुजला. पुढे चौदाव्या शतकात पंडितांनी तोच शब्द थेट लॅटिनमधून पुन्हा उचलला आणि त्याचा 'प्रायव्हेट' झाला. दोघे सख्खे भाऊ, पण एक दरबारात वाढला आणि दुसरा ग्रंथात. धाकट्याने नंतर सगळे घर ताब्यात घेतले. थोरला आज काही जुन्या पदांच्या नावांत आणि कायद्याच्या भाषेत तेवढा उरला आहे.

थोरल्याचे अर्थ मात्र बघण्यासारखे आहेत. आधी अर्थ होता जवळचा, आतल्या गोटातला. मग ज्याला गुपित ठाऊक आहे तो. मग खुद्द गुपित. मग जिथे कुणाची नजर पडत नाही अशी जागा. आणि अशी जागा घरात कोणती, हे वेगळे सांगायला नको. शिवाय वकिलांचा एक अर्थ निराळाच. दाव्यातल्या पक्षकाराशी ज्याचा हक्क बांधलेला आहे, म्हणजे वारस, खरेदीदार वगैरे, तोही 'प्रिव्ही'. करारात जो सामील नाही तो करारावर दावा लावू शकत नाही, हे तत्त्व शिकवताना आपल्या लॉ कॉलेजांत आजही 'प्रिव्हिटी' हाच शब्द वापरतात.

इंग्रजीतला हा प्रवास वाचताना मला सारखे आपल्याच भाषेतले शब्द आठवत होते. ज्याला गुपित ठाऊक आहे त्याला फारसी-उर्दूत 'राजदार' म्हणतात, किंवा 'महरम'. महरम म्हणजे ज्याच्यापासून पडदा नाही असा नात्यातला माणूस. जवळीक आणि गुपित, दोन्ही एका शब्दात. प्रिव्हीचा इतका चपखल प्रतिशब्द दुसरा सापडणार नाही. पण खरी मजा पुढे आहे. अरबीत 'खलवत' म्हणजे एकांत. सूफी चाळीस दिवस एका कोठडीत बसतात ती खलवत, आणि बादशहा निवडक माणसांशी बोलतो तीही खलवत. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातल्या दरबार महालाचे नावही 'खिलवत'. हाच शब्द मराठीत आला आणि 'खलबत' झाला. 'काय खलबते चालली आहेत?' असे आपण विचारतो, तेव्हा अरबीच बोलत असतो. रायगडावर राजवाड्यालगतची एक भुयारी खोली खलबतखाना म्हणून दाखवतात.

आणि याच खलवतच्या धातूपासून अरबीत 'खला' शब्द आहे. मोकळी, निर्जन जागा. 'बैतुलखला' म्हणजे निर्जन जागेचे घर. आमच्या घरी जुन्या बायका 'संडास' शब्द तोंडावर आणायला लाजायच्या, त्या बैतुलखलाच म्हणायच्या. तेव्हा तो नुसता अदबीचा शब्द वाटे. खलबतखाना आणि बैतुलखला हे एकाच धातूचे दोन फाटे आहेत हे कळायला बरीच वर्षे जावी लागली. जे लॅटिनच्या लेकरांत झाले, तेच अरबीच्या लेकरांत झाले. राजाची मसलत आणि माणसाचा शौचविधी, दोन्हींना भिंत लागते. मग भाषा दोघांना एकच शब्द देते. मराठीत 'परसाकडे जाणे' आहेच, म्हणजे घरामागे, नजरेआड.

इंग्लंडच्या राजवाड्यात तर हे दोन्ही अर्थ अक्षरशः एका खोलीत नांदत होते. मध्ययुगात राजाचा कारभार मोठ्या दिवाणखान्यात, सगळ्यांदेखत चाले. हळूहळू राजा आत आत सरकू लागला. मोठ्या दालनाच्या आत एक दालन, त्याच्या आत आणखी एक. सातव्या हेन्रीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस सगळ्यात आतल्या भागाची वेगळी व्यवस्था लावली, ती 'प्रिव्ही चेंबर'. तिथे ठरावीक माणसांनाच प्रवेश. त्या माणसांत सगळ्यात वरचा मान कुणाचा? राजाला शौचाच्या वेळी मदत करणाऱ्याचा. त्याचे पद होते 'ग्रूम ऑफ द स्टूल'. स्टूल म्हणजे भांडे बसवलेली शौचाची बैठक.

वाचून हसू येते, पण हा माणूस नोकर नव्हता. आठव्या हेन्रीच्या काळात हे पद सरदार घराण्यांतली माणसे भूषवीत. कारण साधे होते. राजाच्या सर्वात जवळ कोण, तर जो त्याला एकट्याला रोज भेटतो तो. अर्ज त्याच्यामार्फत आत जात, राजाच्या खासगी पैशाची पिशवीही त्याच्या ताब्यात असे. ती पिशवी म्हणजे 'प्रिव्ही पर्स'. सर हेन्री नॉरिस हा असाच एक ग्रूम. राणी ॲन बोलिनशी संबंध असल्याच्या आरोपावरून १५३६ मध्ये राजाने त्याचा शिरच्छेद करवला. जवळीकीचा हा दुसरा चेहरा. हेन्रीच्या अखेरच्या दिवसांत सर अँथनी डेनी या पदावर होता. राजा आजारी, सही करायला त्रास होई, म्हणून सहीचा कोरडा ठसा केलेला होता. तो ठसा वापरण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या माणसांत डेनी एक. ज्याच्या हाती शौचाचे भांडे, त्याच्या हाती राजाची सही! पुढच्या काळात लोकांना या नावाची लाज वाटू लागली, तेव्हा स्पेलिंग बदलून 'स्टूल'चे 'स्टोल' केले, म्हणजे राजवस्त्र. पद मात्र १९०१ पर्यंत टिकले. सातव्या एडवर्डने गादीवर आल्यावर ते बंद केले.

प्रिव्ही कौन्सिल याच वातावरणात आकाराला आले. राजाचे सल्लागार आधीही होते, पण ती मोठी, सैल जमात होती. १५३० च्या दशकात त्यातून वीसेक माणसांचे आटोपशीर मंडळ निघाले आणि १५४० मध्ये त्याला स्वतःचा कारकून व दफ्तर मिळाले. आतल्या गोटातले, गुपित सांभाळण्याची शपथ घेतलेले मंडळ. 'प्रिव्ही'चे पहिले तीन अर्थ यात आले. राज्याची मोठी मोहर वेगळी आणि राजाजवळची छोटी मोहर वेगळी. ती छोटी 'प्रिव्ही सील'. ती सांभाळणारा 'लॉर्ड प्रिव्ही सील'. इंग्लंडच्या मंत्रिमंडळात हे पद आजही आहे, फक्त मोहरेचे काम उरलेले नाही. इंग्रजीत 'सील' म्हणजे मोहर आणि सील मासाही. त्यावरून तिथे एक जुना विनोद चालतो, की हा गृहस्थ ना लॉर्ड असतो, ना संडास, ना सील मासा.

प्रिव्ही पर्सवर मी फार रेंगाळणार नाही, तो विषय बहुतेकांना माहीत आहे. स्वतंत्र भारताने संस्थानिकांना दरसाल जी रक्कम द्यायचे कबूल केले तिला हेच इंग्रजी नाव दिले आणि संविधानात कलम २९१ घातले. हैदराबादच्या निजामासारख्यांना लाखांत रक्कम, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये. १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली गेली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दावा लावला, सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि शेवटी १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय संपला. मराठी वर्तमानपत्रांनी या पर्सला काय म्हटले? 'तनखा'. तनखा म्हणजे फारसी 'तनख्वाह', पगार. इंग्रजीत जी राजाची खासगी पिशवी, ती मराठीत आली तेव्हा सरकारी तिजोरीतून मिळणारे वेतन झाली. इंग्रजी शब्दाने जे झाकले होते ते मराठी शब्दाने उघड केले, असे मला वाटते.

खरे तर 'प्रिव्ही पर्स'ला जुना मराठी शब्द तयार होता, 'खासगी'. अरबी 'खास' म्हणजे विशेष आणि त्याच्या विरुद्ध 'आम'. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास आहेत तेच हे. फारसीतून 'खासगी' मराठी दफ्तरात आले. पेशव्यांच्या घरखर्चाचे खाते खासगी, ते पाहणारे खासगीवाले. निजामाच्या स्वतःच्या मालकीचा मुलूख 'सर्फ-ए-खास', त्यात मराठवाड्यातलाही काही भाग होता. आणि होळकरांची खासगी तर प्रसिद्धच. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंच्या नावाचे घाट, मंदिरे, धर्मशाळा, अन्नछत्रे आपण पाहतो. त्यांच्यामागे राज्याच्या दौलतीपेक्षा ही खासगी उभी होती.

आता सांगा, ही मिळकत खासगी की सार्वजनिक? नाव खासगी, मालकी घराण्यातल्या स्त्रीची, उपयोग साऱ्या हिंदुस्थानातल्या यात्रेकरूंचा. स्वातंत्र्यानंतर तिचा ट्रस्ट झाला आणि त्या ट्रस्टला सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू होतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लागू होतो, असा निकाल २०२२ मध्ये आला. अठराव्या शतकातल्या माणसांना हा प्रश्न पडलाच नव्हता. खासगीतून धर्मकार्य करायचे असते, एवढे त्यांना पुरेसे होते. प्रश्न पडला तो इंग्रजी कायद्याची फूटपट्टी लागल्यावर.

हीच फूटपट्टी वक्फला लागली तेव्हा काय झाले, ते आता पाहू.

वक्फ म्हणजे मिळकत अडवून ठेवणे. माणूस आपली जमीन, घर, बाग अल्लाहच्या नावे थांबवतो. मग ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, वारसांत वाटली जात नाही. तिचे उत्पन्न मात्र त्याने ठरवलेल्या कामाला जाते. ते काम मशीद, मदरसा, विहीर, सराई काहीही असू शकते. आणि ते त्याचे स्वतःचे कुटुंबही असू शकते. आधी मुलाबाळांना, नातवंडांना, आणि वंश संपला तर गोरगरिबांना. याला 'वक्फ अलल-औलाद' म्हणतात. यात फसवणूक आहे असे जुन्या फिकहच्या पंडितांना वाटले नाही, कारण घरच्या माणसांवर केलेला खर्च हाही सदका आहे, ही शिकवण हदीसमध्ये स्पष्टपणे येते. दानाची सुरुवात दारापासून होते. लेकरे उपाशी ठेवून केलेल्या खैरातीचे कौतुक आपल्याकडे नाही.

इंग्रजी कायद्यात असे नव्हते. तिथे एकीकडे सार्वजनिक धर्मादाय आणि दुसरीकडे खासगी ट्रस्ट. धर्मादाय असेल तर मिळकत कायमची बांधून ठेवायला हरकत नाही. खासगी असेल, म्हणजे फायदा स्वतःच्या कुटुंबाला होत असेल, तर एका मुदतीपलीकडे बांधता येत नाही. दोहोंच्या मध्ये भिंत. कुटुंब भिंतीच्या अलीकडे, गरीब पलीकडे.

१८६८ मध्ये दोन भावांनी आपली मिळकत अशी वक्फ केली होती. आधी त्यांचे वंशज, वंश खुंटला तर विधवा, अनाथ, भिकारी आणि गरीब. ‘अबुल फता विरुद्ध रसोमय धर चौधरी’ या नावाने तो दावा कलकत्ता उच्च न्यायालयातून लंडनला गेला. १८९४ मध्ये लॉर्ड हॉबहाउस यांनी निकाल वाचला, की हे वक्फ नाहीच. गरिबांना दिलेला हिस्सा इतका दूरचा, इतका अनिश्चित, की तो नावापुरता आहे. खरा हेतू घराण्याची मिळकत जपण्याचा. पैगंबरांच्या शिकवणीचा दाखला पुढे ठेवला गेला होता. पण त्या शिकवणीचा असा अर्थ लावणे हा त्या थोर शास्त्रकारावरच अन्याय होईल, असा लॉर्डसाहेबांचा सूर होता. म्हणजे आमच्या पैगंबरांना काय म्हणायचे होते ते आता डाउनिंग स्ट्रीटवर ठरणार!

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी सांगितली जात नाही. याच्या तेरा वर्षे आधी, १८८१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात फातमाबीबींच्या दाव्यात न्यायमूर्ती वेस्ट यांनी नेमके उलटे मत दिले होते. शेवटचा हक्क कायम टिकणाऱ्या धर्मकार्याला दिलेला असेल, तर मधल्या काळात मुलाबाळांना उत्पन्न मिळते एवढ्याने वक्फ रद्द होत नाही, असे त्यांचे म्हणणे. वेस्टही इंग्रजच. म्हणजे ही इंग्रज विरुद्ध मुसलमान अशी सरळ लढाई नव्हती. जो न्यायाधीश इथल्या माणसांत बसून काम करत होता त्याला जे समजले, ते लंडनच्या बंद दालनात समजले नाही, असे फार तर म्हणता येईल. कलकत्त्यात न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनीही १८९४ च्या निकालाच्या थोडे आधी पूर्णपीठात वेगळे मत नोंदवले होते आणि अरबी ग्रंथांचे दाखले देऊन कुटुंबावरचा वक्फ शरियतला मान्य असल्याचे दाखवले होते. त्यांचे मत एकट्याचे ठरले.

निकालाचा फटका मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वक्फ एका दिवसात संशयास्पद झाले. कुणी सावकाराने जप्ती आणावी, कुणी भाऊबंदाने वाटणी मागावी. मिळकती फुटू लागल्या. मौलाना शिबली नोमानी यांनी देशभरच्या उलेमांची मते गोळा करून चळवळ उभी केली. आणि कायदेमंडळात हा प्रश्न नेला मुंबईच्या मुस्लिम मतदारसंघातून निवडून गेलेल्या एका तरुण बॅरिस्टरने, मोहम्मद अली जिनांनी. १९११ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. मुदत संपल्यावर व्हाइसरॉयने त्यांना पुन्हा नेमून घेतले, ते हे विधेयक तडीस नेता यावे म्हणून. १९१३ मध्ये 'मुसलमान वक्फ मान्यता कायदा' झाला. हे सरकारी विधेयक नव्हते. ज्याला आपण खासगी सदस्याचे विधेयक म्हणतो तसे होते. प्रिव्ही मंडळाने मोडलेले, प्रायव्हेट विधेयकाने जोडले. आधीच्या काळातल्या वक्फांनाही तो लागू व्हावा यासाठी १९३० मध्ये आणखी एक कायदा करावा लागला.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वक्फ अलल-औलादचा वापर सगळीकडे नेकीने झाला असे नाही. कित्येक दस्तऐवजांत 'औलाद' म्हणजे फक्त मुलगे. कुरआनने मुलीला दिलेला वाटा वक्फच्या आडून बुडवला गेला, हे मान्य करायला आपण कचरतो. लॉर्ड हॉबहाउस यांना घराण्याचा अहंकार दिसला तो अगदीच खोटा नव्हता. सीरियाने १९४९ मध्ये आणि इजिप्तने १९५२ मध्ये कौटुंबिक वक्फ बंदच करून टाकले, आणि तो निर्णय कुठल्या परक्या लॉर्डाचा नव्हता. आपल्याकडे २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात अलल-औलाद वक्फमुळे स्त्री वारसांचा हक्क डावलला जाऊ नये असे कलम आले. त्या कायद्याच्या बाकीच्या कितीतरी तरतुदींवर माझे आक्षेप आहेत, ते इथे मांडत बसत नाही. पण या एका कलमाची गरज आपण स्वतःच शंभर वर्षांपूर्वी ओळखायला हवी होती. १९१३ च्या चळवळीत मिळकत वाचवण्याची जेवढी तळमळ दिसते, तेवढी त्या मिळकतीतल्या मुलींच्या वाट्याची दिसत नाही.

मात्र हॉबहाउस यांची चूक वेगळ्या जागी होती. त्यांनी मुलींचा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की हे खासगी की सार्वजनिक? आणि हा प्रश्न विचारणारे मंडळ कोणते, तर राजाच्या आतल्या खोलीतून निघालेले, ज्याच्या नावातच 'खासगी' आहे ते. ते न्यायालयही म्हणवत नव्हते. १८३३ च्या कायद्याने त्याची न्यायिक समिती झाली, पण ती निकाल देत नसे, बादशहाला नम्र सल्ला देई. सल्ला देणाऱ्यांत मतभेद असला तरी तो बाहेर येत नसे. सल्ला एकच. राजाच्या कानात अनेक सूर जाता कामा नयेत, हा जुन्या खलबतखान्याचा रिवाज. भिन्न मत उघड नोंदवायची मुभा १९६६ मध्ये मिळाली. तोवर भारत तिथून बाहेर पडून १७ वर्षे झाली होती. १० ऑक्टोबर १९४९ पासून आपले दावे तिथे जाणे थांबले. मॉरिशसचे मात्र अजून जातात. म्हणजे तिथल्या मराठी कुटुंबांना 'प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढेन' हे वाक्य आजही खरेपणाने उच्चारता येते.

त्या मंडळात बसणारा पहिला हिंदुस्थानी कोण होता? तेच सय्यद अमीर अली, ज्यांचे मत कलकत्त्यात एकटे पडले होते. निवृत्त होऊन ते इंग्लंडला स्थायिक झाले आणि १९०९ मध्ये त्यांना न्यायिक समितीत घेतले. नंतर मुंबईचे सर दिनशा मुल्ला आले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आले. पण पहिला मान अमीर अलींचा. ज्या दालनाने त्यांचे म्हणणे नाकारले होते, त्याच दालनात ते १९२८ साली वारले तोवर बसत होते.

१९२१ मध्ये त्यांच्यासमोर दक्षिणेतला एक दावा आला. तो वक्फचा नव्हता, हिंदू मठाचा होता. मठाधिपती हा इंग्रजी अर्थाने 'ट्रस्टी' आहे का, असा प्रश्न. अमीर अलींनी निकालात मठासोबत वक्फचीही फोड करून सांगितली. इंग्रजी ट्रस्टमध्ये मिळकतीची मालकी विश्वस्ताकडे जाते. वक्फमध्ये ती अल्लाहची होते आणि मुतवल्ली फक्त सांभाळणारा असतो. मठातही मिळकत देवाची किंवा संस्थेची, महंत तिचा व्यवस्थापक. तेव्हा मुतवल्ली आणि महंत या दोघांनाही ट्रस्टी म्हणणे चूक आहे, इंग्रजी शब्द इथे बसत नाही, असे त्यांनी लिहिले. १८९४ चा निकाल त्यांना उलटवता आला नाही, त्याला १९१३ चा कायदा लागला. पण हा निकाल राहिला, आणि मठांच्या दाव्यांत आपले वकील त्याचा दाखला अजूनही देतात.